सतरा चौकोन

वूस्टरच्या पूर्वेला, एका शेतावरच्या लिलावात,
नांगराचे फाळ आणि जॅमच्या रिकाम्या बरण्या यांच्या मधे
बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. चार डॉलर.
आत सतरा चौकोन,
कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांमधून कापलेल्या पट्ट्यांचे,
मागे जुनं वर्तमानपत्र, अजून शिवलेलंच.
कुणी केले, विचारलं,
तर विकणारा पोरगा म्हणाला, मशीनबरोबर आले.
मशीन सकाळीच गेलं होतं.

त्याला आता अडीच वर्षं झाली.
सांगायला लाज वाटते,
पण या अडीच वर्षांत मी फक्त बेत शिवलेत.

जानेवारीत ठरलं: चार गुणिले पाच, मधून निळी पट्टी.
तर तीन कमी पडतात.
मार्चमध्ये: चार गुणिले चार. तर एक उरतो,
त्याची उशी करू.
पण उरलेला कोण, हे ठरवायचं कसं?
जेवणाच्या टेबलावर सगळे मांडून बसले,
निरंजन ताट हातात घेऊन उभा.
म्हणाला, या पंगतीत मला कुठे बसवतेस?

दिवसभर मी दातांच्या दवाखान्यात
विम्याचे कागद भरते, कुणाची दाढ, कुणाचं रूट कॅनॉल.
साडेपाचला घरी. ड्रायरमधले कपडे, वरण-भाताचा कुकर,
आणि तीन शिट्ट्यांत बसेल तेवढी शिवण.
बॉबिनमधला दोरा संपतो
तो हटकून मोहरी तडतडत असताना.

मंगळवारी मेनोनाइट चर्चचं तळघर.
ट्वायला म्हणते, आधी धू, मग हात लाव.
लोरीन म्हणते, पाणी दाखवलंस तर तो लाल रंग
सगळीकडे रडत सुटेल.
चाळीस वर्षं दोघी शेजारी बसतात
आणि चाळीस वर्षं हेच चाललंय.
माझे टाके मात्र दोघी मिळून मोजतात.
इंचात सहा, म्हणतात,
आणि सभ्यपणे कॉफी ओततात.

कागद फाडायचा असतो, हे मलाही माहीत आहे.
त्याशिवाय कापड मऊ पडत नाही.
पण मी वाचत बसते.
अंडी, डझनाला चौदा सेंट.
कुणाच्या तरी बहिणीचं लग्न, फुलं पांढरी.
आणि एका चौकोनामागे:
हरवली आहे, तपकिरी गाय, डाव्या कानाला
असं म्हणून मजकूर शिवणीखाली जातो.
डाव्या कानाला काय, हे कळायचं तर
तिची शिवण उसवावी लागेल.
उसवणी माझ्या हातात होती एकदा.
ठेवून दिली.

बाराव्यात सुई आहे. गंजलेली, टाक्याच्या मधोमध,
मागे चार बोटं दोरा.
दूध उतू गेलं असेल. दार वाजलं असेल.
मी त्याहून मोठं काही कल्पत नाही,
माझ्या स्वतःच्या कपाटात अशा अडकलेल्या
निदान पाच सुया निघतील.

काल रात्री शेवटी एकाला हात घातला.
ओलं बोट फिरवत गेले,
भिजवलेल्या बदामाचं साल सुटावं तसा
कागद सुटत गेला, अंड्यांचा भाव, लग्नातली फुलं,
सगळं चिमटीत, मग केराच्या टोपलीत.
आणि मागून निघाला गुलाबी.
पुढचा तर केव्हाच विटलाय.
हा मात्र, कुणी न पाहिलेला, अजून गुलाबीच.
मी निरंजनला हाक मारली. तो झोपला होता.

सोळा राहिले.
त्यातले पंधरा एकेक करून सोलेन,
लाल असलेले नळापासून लांब ठेवून,
म्हणजे निदान लोरीन खूश.
गाईचा तेवढा तसाच ठेवायचा म्हणते.
म्हणजे उरलेला कोण, तेही ठरलं.
उशी जरा कुरकुरेल, डोकं टेकल्यावर,
डाव्या कानाला.