ऐनवेळचा विषय

कोरम भरला नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब,
मग त्याच ओसरीत, त्याच सतरंजीवर पुन्हा सुरू.
मी ग्रामसेवक. बोलत नाही, लिहितो.
विषय एक : मागील इतिवृत्त वाचून कायम करणे.
विषय दोन : बोअरची मोटर.
विषय तीन : पांदण रस्ता, त्यावर दरवर्षीचं भांडण.
बाहेर तुरी फुलावर होत्या
आणि पानठेल्याच्या टीव्हीत नऊ दिवसांपासून
एकच माणूस ओरडत होता, आता आर या पार.

ऐनवेळी येणारे विषय, असं म्हणून
मी पेनाचं टोपण शोधू लागलो
तर बायांच्या बाजूने बेबीनंदा मेश्राम उठली.
दारूगोळ्याच्या कारखान्यात भरण विभाग, सतरा वर्षं.
तळहात पिवळे.
गाव चिडवायचं, हिची हळद काही उतरत नाही.
तिच्या हातची भाकर कडू लागते,
असं तिचा पोरगा म्हणायचा, लहान होता तेव्हा.

लिहा जी, ती म्हणाली.
गेटवर आमच्या जोडव्या काढून घेतेत.
केसातली पिन, पोलक्याचे हूक, सारं डब्यात.
कायले? त ठिणगी नको.
एका ठिणगीची एवढी काळजी आतमंदी,
अन् हा टीव्हीवाला आगपेटीच घेऊन बसला,
त्याची झडती घ्याले कोनीच नाई का गेटवर?

लोक हसले. मग हसायचे थांबले.

गोळ्यावर नंबर मीच टाकतो, पिवळ्या रंगानं.
कोनाच्या आंगनात पडन, ते त्याच्यावर लिहलं नसते.
आता दुप्पट मजुरी देतो म्हनते, रातपाळी करा.
आमी अकरा जनी नाई म्हटलं.
गावानंबी म्हना.
दिल्लीले लिहा, बसा अन् बोला.
पांदणीसाठी आपन बारा वर्षं बसून रायलो,
शिव्या देतो, चहा पेतो, पुन्हा बसतो,
कोनाचा मुडदा पडला का?

बाई, मी म्हणालो, युद्ध ग्रामसभेच्या अधिकारात बसत नाही.
पाणी, रस्ते, आरोग्य, दिवाबत्ती.
मंग दिवाबत्तीत टाका, ती म्हणाली,
बत्त्या बंद ठेवाची दवंडी तुमीच देली ना काल?

मंडळाची पोरं उठली.
एकाने तो शब्द फेकला, जो आजकाल कुणालाही चिकटतो.
तेवढ्यात डोमाजी ठवकर काठी घेऊन उभे राहिले,
ज्यांचा धाकटा तिकडे बर्फात आहे,
ज्याचा फोन नऊ दिवसांपासून लागत नाही.
मला वाटलं आता मारतात तिला.
ते म्हणाले, अनुमोदक म्हनून माह्यं नाव टाका.
अन् नीट टाका. मागच्या टायमाले दोमाजी केलं होतं तुमी.

मी नीट टाकलं.
सूचक, अनुमोदक, बाजूने एकोणचाळीस हात,
त्यातले अकरा पिवळे.
विरोधात सात. बाकीचे तंबाखू मळत होते.

खाली बसता बसता ती म्हणाली,
त्या बाईचंबी नाव टाका.
कोणत्या बाईचं?
जिच्या आंगनात पडन, तिचं.
नाव ठाऊक नाई त जागा सोडा.

चकमक पुढे आपोआप निवळली.
आमच्या ठरावाने निवळली, असं म्हणायला
मी काही पिऊन लिहीत नाही.
ठराव तालुक्याच्या कपाटात आहे, पोच मिळालेली नाही.
अकरा जणींचा पगार कापला गेला,
त्यातल्या चौघी पुढच्या महिन्यात रातपाळीला गेल्या.
त्यांच्याही घरी चूल आहे.
डोमाजींचा धाकटा संक्रांतीला येऊन गेला,
दोन बोटं काळी पडलेली.

परवा लेखापरीक्षक आले.
म्हणाले, इतिवृत्तात कोरी ओळ ठेवता येत नाही,
नंतर कुणीही काहीही घुसवेल,
आडवी रेघ मारून सही करा.
नियम बरोबर आहे. मी हो म्हणालो,
पेन उघडलं, त्यांना चहा मागवला,
आणि पान उलटलं.