ठेवू का

रामबागेतल्या आमच्या बूथच्या पिवळ्या पाटीवर
एस.टी.डी.मधला डी कायम गळलेला.
मिलमध्ये बाबांची तीन बोटं गेली,
त्यानंतर चार वर्षं अर्ज करून हे मिळालं:
काचेचं एक कपाट, आत फोन,
बाहेर टेबलावर मीटर.
उरलेल्या दोन बोटांनी बाबा पावती फाडायचे,
मी आठवीचं बीजगणित सोडवायची
त्या लाल आकड्यांच्या उजेडात.

रात्री अकरानंतर पाव दर.
अकराला पाच कमी असतानाच
रांग ओट्यावरून खाली उतरलेली,
स्वेटर, मफलर, कुणाच्या हातात
सराफ्यातून आणलेला भुट्ट्याचा कीस, द्रोणात निवत चाललेला,
आणि मागून रतलामचा पोरगा: भिया, जरा जल्दी.

दिघेबाई पुण्याच्या मुलाला दोनच गोष्टी विचारायच्या.
जेवलास का. गादी घेतलीस का.
मग डोळे मीटरवर.
ठेवू का?

पलीकडून काय आलं ते आम्हाला ऐकू येत नसे.
उरलेलं अर्धं रांगेनेच भरायचं,
रिकाम्या जागा भरा, गुण पाच.
रांगणेकरांच्या सुमनचं मोडलं
हे आम्हाला तिच्या आईच्या 'बरं'वरून कळलं.
तीनदा बरं. चौथ्यांदा नुसता श्वास.
सात रुपये वीस पैसे.

गुरुवारी मेढेकर वहिनी.
दार ओढून घ्यायच्या, रिसीव्हर कानाला,
नळाचं बोलायच्या, भाडेकरूंचं,
तुमच्या सायकलचं काय करू सांगा, गंजतेय.
मीटर हलत नसे.
तीन शून्यं, तशीच.
मी एकदा बाबांना कोपराने ढोसलं.
बाबांनी माझी वही माझ्यासमोर सरळ केली.
रांगेत कुणी घसा खाकरला नाही,
रतलामच्या पोरानेसुद्धा.
बाहेर येऊन त्या पर्स उघडायच्या,
बाबा पावती द्यायचे. नऊ मिनिटं, दोन रुपये.
पुढे केव्हातरी जुन्या हिशेबात सापडली
त्या दोन-दोन रुपयांची वेगळी ओळ,
समोर बाबांचं तिरकं अक्षर:
लागला नाही.

पेजर आमच्या गल्लीपर्यंत पोचलाच नाही.
मग ज्याच्या-त्याच्या खिशात बूथ.
कपाटात आधी रिचार्जची कुपनं लटकली,
मग थंड पाण्याचे जार,
आता भाच्याचं क्रिकेटचं सामान उभं असतं आत,
कुणाशी तरी बोलत असल्यासारखं.
सिटी बसमध्ये लोक स्पीकर लावून बोलतात.
दोन्ही बाजू ऐकू येतात,
उतरेपर्यंत मी कुणाचीच होत नाही.

लेक बंगळूरहून आवाज पाठवते.
मी तो दीडपट वेगाने ऐकते,
कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये बसतो.
बाबांनाही शिकवलं: दाबून धरा, बोला, सोडा.
बोट घसरतं.
त्यांचा सगळ्यात लांब निरोप अकरा सेकंदांचा.
गोळ्या आल्या. बरा आहे. वीज गेली होती. ठेवतो.

काय ठेवतात?
हुक नाही, खट् नाही,
हातातलं कुठे टेकवायचं नाही.
मीही म्हणते ठेवते.
लेकही म्हणते,
जिने जन्मात रिसीव्हर उचलला नाही.

रात्री अकरा वाजले की मात्र
भांडी आवरता आवरता हात थांबतो,
वाटतं, आता लावावा कुणालातरी.
पाव दर सुरू झालाय.