कॅनमधला समुद्र

गुहागरहून समुद्र आला दोन एसट्या बदलून,
गोडेतेलाच्या, तीनदा धुतलेल्या कॅनमध्ये,
झाकणावर पिशवी, पिशवीवर रबर.
कंडक्टरने लगेज फाडलं नाही.
पाणीच तर आहे, म्हणाला.

तोवर परभणीत आम्ही समुद्र हातानेच करत होतो:
लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ, चिमूटभर मॅग्नेशियम,
आणि एकदा, सरांना न सांगता,
हॉस्टेलच्या बोअरचं पाणी.
आलेखात फारसा फरक नव्हता.

उत्प्रेरक मात्र इथलाच.
झाकलेल्या मुशीत युरिया, साडेपाचशे अंश, चार तास.
अमोनियाने व्हरांडा रिकामा होतो
आणि मुशीच्या तळाशी उरते
डाळीच्या पिठासारखी पिवळी भुकटी,
दहा ग्रॅमची जेमतेम अर्धा.
तिचा एक कण दिसायला
संभाजीनगरच्या मशीनचा नंबर लावावा लागतो, दीड महिना.

दस्तगीरमामूंनी कॅनमध्ये बोट बुडवून चाटलं.
इथे काहीही चाखू नये, ही पाटी
त्यांनीच ठोकलीय भिंतीवर.
"असाच असतो का ओ मॅडम समुद्र?"
मी पाहिलेला नाही.
हो म्हणाले.

दोनला लाइट गेली, झेनॉनचा दिवा गेला.
मग काचेचं भांडं घेऊन गच्चीवर;
उन्हाची टंचाई आमच्याकडे कधीच नव्हती.
भुकटी पाण्यात घुमत राहिली,
उलट्या नळीत बुडबुडे चढले,
एक, बराच वेळ काही नाही, मग दोन.
पाचपर्यंत तीन मिलिलिटर.
परीक्षानळीच्या तोंडाशी काडी नेली:
टुप.
काच आतून धुरकटली.
मामूंनी करंगळी फिरवली, जिभेला लावली,
जरा वेळ थांबले.
"मीठ कुठं गेलं?"

मीठ भुकटीवर बसलं होतं.
तिसऱ्या दिवशी ती पांढरी पडली,
माठाच्या बुडासारखी.
उत्प्रेरक झिजत नाही,
असं मी मुलांना दोन वर्षं शिकवलंय.
वहीत लिहिलं: क्षमता एकोणीस टक्के. पुन्हा करणे.

उरलेला समुद्र दारामागे ठेवला होता.
काल कुणीतरी त्यानेच फरशी पुसली.
वाळल्यावर उंबऱ्याशी उमटली
एक वेडीवाकडी पांढरी रेघ.
मामू आज ती ओलांडून आत आले,
चपला हातात घेऊन.