हातचा

डिसेंबरची एकोणतीस. बाहेर उणे अकरा.
आर्डिस टॉलेफसन दारातच बूट आपटते,
बर्फ पायपुसण्यावर सोडते
आणि माझ्या टेबलावर ठेवते बुटांचं जुनं खोकं.
आत वर्षभराच्या पावत्या:
डिझेल, सुतळी, गुरांचा डॉक्टर,
मका वाळवायच्या गॅसची तीन बिलं
आणि भरतकामाची एक सुई, चुकून आलेली.

मी इचलकरंजीची. वडील सुताच्या पेढीवर दिवाणजी,
लाल बासनात चोपड्या बांधायचे.
इथे आयोवात, दोन हजार वस्तीच्या गावात,
चौदा वर्षं शेतकऱ्यांचे कर भरून देते.
मक्याचं पान आता मला ओळखता येतं.
त्यावर रोग कुठला, ते नाही.
एकरी खर्च किती, तेवढं.

"यंदा जास्तच झालं," ती म्हणते,
जेवणं उरकल्यावर भात उरावा, तशा सुरात.
मी नेहमीचं सांगते:
निम्मा मका कोठीतच राहू दे, जानेवारीत विकायला काढ.
ड्रायर घ्यायचा तर परवापर्यंत घे,
अंगणात उभा हवा, नुसती ऑर्डर चालत नाही.
नातवाला दोन ट्रक मका बक्षीस दे.
ती मान हलवते. तिचं लक्ष फॉर्मवर,
जिथे दोन नावांसाठी दोन ओळी आहेत.

हॅल्वर मेमध्ये गेला, नऊ तारखेला.
शेवटचे ऐंशी एकर पेरून झाले होते.
ट्रॅक्टर शेडमध्ये, किल्ली खिळ्याला,
आणि तो पायरीवर,
एक बूट काढलेला.

"पेरलं त्यानं, विकलं मी.
मग हे उत्पन्न कुणाचं?"
प्रश्न निव्वळ हिशेबाचा,
म्हणून मीही हिशेबाचंच उत्तर देते:
कायदा पूर्ण वर्ष देतो.
माणूस मेमध्ये गेला, तरी त्या वर्षाचं जोडीनं भरता येतं.
"आणि एक तारखेपासून?"
एक तारखेपासून तू एकटी.

मराठीत या वाक्याखाली मी
चार शब्दांची उशी तरी ठेवली असती.

हीटर धडधडतो. रस्त्यावरून मिठाची गाडी जाते.
ती पावत्यांच्या कडा जुळवते,
सुई उचलून कोटाच्या कॉलरला खोचते.
मग म्हणते, बियाणं.
पुढच्या वर्षीचं बियाणं आत्ता घेतलं,
तर खर्च यंदाच्या पानावर?
यंदाच्या पानावर.
"सगळं?"
मर्यादा आहे. तुझं बसेल त्यात.
"त्याच्या नावाखाली?"
दोघांच्या.

ती तिथूनच डीलरला फोन लावते.
तो सूट सांगत असतो, सात टक्के, ती ऐकतही नाही.
हॅल्वर दरवर्षी घ्यायचा तोच वाण मागते,
एकशे आठ दिवसांचा,
आणि फोनवर हात ठेवून मला सांगते,
"मला कधीच पटला नाही तो.
ओढ्याकडच्या तुकड्यात दर वेळी आडवा होतो."
तरी तोच. एकशे तीस पिशव्या.
चेक माझ्या पेनानं लिहिते. चेकबुकावर अजून दोन नावं.

मी नोंद करते: बियाणे, आगाऊ.

वडील बेरीज करताना पुटपुटायचे,
हातचा एक, हातचे दोन,
आणि डाव्या हाताचं बोट दुमडून ठेवायचे
पुढची रांग येईपर्यंत.
लहानपणी मला वाटायचं,
त्या बोटात त्यांनी खरंच काहीतरी धरलंय.

आर्डिस टोपी कानांवर ओढते.
दार अर्धं उघडून थांबते, थंडी आत येते.
"ओढ्याकडचे चाळीस एकर मात्र ठेवलेत बाजूला.
तिथे माझा वाण लावणार.
ते बियाणं जानेवारीत घेईन,"
आणि बोटानं हवेत एक ओळ ओढते,
"तिकडच्या पानावर."