पेटीची मापं

परशराम सुतार माप घ्यायला आला
तेव्हा कुंद्या दारात आडवा झोपला होता.
नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत एक माप,
उठवल्यावर पायापासून कानाच्या टोकापर्यंत दुसरं.
मी म्हटलं, विमानवाल्यांचा नियम आहे,
आत त्याला फिरून बसता आलं पाहिजे.
परशरामनं पेन्सिल कानावर खोचली.
"माझ्या खोलीत मला येत नाही की ओ."

फॉर्मवर जात विचारली होती.
टिळकवाडीच्या डॉक्टरांनी लिहिलं, मिश्र.
रंग, तपकिरी.
कुंद्यासारखा लिहा, मी म्हटलं,
नाव त्यावरूनच ठेवलंय.
ते हसले, तपकिरीच ठेवलं.
मग मानेत तांदळाच्या दाण्याएवढी चिप, पंधरा आकडे.
माझा पासपोर्ट आईच्या जन्मावर मिळालाय,
डिचोलीच्या रजिस्टरातल्या एका फिकट ओळीवर.
त्याचा कातडीखाली आहे.

त्याचं रक्त परदेशी तपासायला गेलं
आणि एकवीस दिवसांत निकाल आला.
नागोजीकाका, ज्यांनी सीमेसाठी दोनदा लाठ्या खाल्ल्या,
चष्मा पुसून तो कागद दोनदा वाचत बसले.
"बघ गे, कुत्र्याचा लागला."
पुढं काही बोलले नाहीत.
चहा गार झाला त्यांचा.

कुंद्याला दोन भाषा येतात.
माझं 'बस' कळतं, कधीमधी ऐकतोही.
पण शिवलीलाक्का भिंतीपलीकडून 'बा मगा' म्हणाली
की बसलेला उठतो,
कारण कन्नडमध्ये भाकरी असते.

आता तिसरी.
रात्री मोबाईलसमोर मी तोंड वेडंवाकडं करते,
तो मान तिरकी करून ऐकतो.
पाव, बटाटा, चावी, पगार, घमेलं.
अगं बाई, हे तर आमच्याच घरातलं!
कुणीतरी कधीतरी उसनं आणलेलं
मी परत द्यायला निघालेय,
जरा झिजवून.

तिथं म्हणे वर्षाचे तीनशे दिवस ऊन.
वृद्धाश्रमाच्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर खिडकी उघडून दाखवली,
समुद्र,
आणि माझी नजर आधी गेली
दोरीवर कडकडीत वाळलेल्या चादरींकडे.
सत्तावीस वर्षं ऑगस्टात
शेगडीवर टोपली पालथी घालून युनिफॉर्म वाळवलाय मी.
रात्रपाळीचे पेशंट झोपेत विचारायचे,
सिस्टर, कुठं काय जळतंय?

वहिनी विचारते, म्हातारी माणसं इथं नाहीत काय?
आहेत. प्रश्न खरा आहे.
उत्तर पगारात आहे,
आणि पगार शब्द कुणाचा ते वर आलंच.
कुत्र्याच्या तिकिटात एक म्हैस आली असती,
हेही तीच म्हणाली.
हिशेब बरोबर आहे, मी केलाय.

समुद्र त्यानं पाहिलेला नाही.
किल्ल्याच्या तळ्यावर नेला तर
आधी पाण्यावर भुंकला,
मग पाण्यातल्या कुत्र्यावर,
मग माझ्यावर.

पेटी येऊन तीन आठवडे झाले.
कुंद्या तिच्याभोवती फिरतो, वास घेतो, आत जात नाही.
बिस्कीट ठेवलं. नाही.
शिवलीलाक्काची भाकरी ठेवली,
तर मान आत, मागचे पाय बाहेर,
आणि कुणी शिंकलं तरी सगळाच बाहेर.

काल रात्री मीच आत शिरले.
गुडघे पोटाशी, डोक्याला खिळ्याचं टोक.
ताज्या रंध्याचा वास,
आतल्या फळीवर परशरामच्या पेन्सिलीतले आकडे,
आणि जाळीतून माझं घर, बारीक चौकोनांत.
फ्रिज, सिलिंडर, उघडी राहिलेली चावी,
तिचं थेंब थेंब.
कुंद्या समोर बसून बघत होता,
मी कुठं चाललेय असं.

फिरून बसायला गेले, कोपर अडकलं.
त्यानं शेपटी दोनदा आपटली,
मान आत घातली,
आणि माझ्या पायाशी राहिलेला
भाकरीचा तुकडा उचलून
पडवीत निघून गेला.