चाळीस सेकंद

साखर काठावर आहे, म्हणाले शिबिरातले डॉक्टर,
पोट उतरवा.
जसा काही डोक्यावरचा भारा,
कुणी जरा हात लावला की झालं.

मग करिष्मा उईकेला विचारलं.
माझ्याच अंगणवाडीत खिचडी खाऊन वाढलेली पोरगी,
नाव विचारलं की रडायची,
आता पोलीस भरतीसाठी आठशे मीटर धावते
आणि दोन सेकंदांनी हुकली की थुंकते.
म्हणाली, बाई, तुम्ही नुसतं चालून काही होत नाही.
वीस सेकंद जीव तोडून. चाळीस सेकंद गप.
असे आठ. आठवड्यातून तीनदा.
हिट म्हणतात त्याला.
मी म्हटलं, हीट तर आपल्याकडे मे महिन्यात फुकट मिळते.
आणि एवढंच?
ती हसली. का हसली ते नंतर कळलं.

पहाटे साडेपाच. कॅनॉलची सडक.
दोन्हीकडे तुरी, दवानं वाकलेल्या.
नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट, पुढच्या बाजूला
घरचाच कापूस कोंबलेला.
शिट्टी.

मी धावलेच नव्हते कधी असं नाही.
एसटी सुटताना धावले,
बैलानं दावं तोडलं तेव्हा,
धाकटा टाक्यात पडला तेव्हा तर चप्पल कुठे गेली कळलं नाही.
पण विनाकारण, नाही.
तिसऱ्या फेरीला रात्रीचा झुणका
पाटाच्या पाण्याला वाहिला.
"बसू नका बाई, उभ्या राहा."

शालिक तराळे गाडी हळू करतो.
"कोन मांगं लागलं व, बाई?"
"कोनी नाही, भाऊ."
"मंग पयता काहून?"
याचं उत्तर करिष्माकडेही नव्हतं.

सासूनं बहात्तरचा लाल मिलो खाल्लेला.
ती माझ्या दंडाला हात लावून म्हणते,
"अंगावर चढलेलं असं उधयत नाही, मायबाई.
कामी येते."

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी वजनं.
आढ्याला काटा, झोळीत पोरं.
दिव्यांशू नऊ किलो दोनशे. गेल्या महिन्यातही नऊ दोनशे.
मी रजिस्टरमध्ये पिवळ्या पट्ट्यात टिंब देते
आणि पोट आत ओढून घेते,
पाहणारं कुणी नसतं तरी.
पोरं गेली की दार लोटून
मोठ्यांच्या काट्यावर चढते.
सात आठवडे, एक किलो शंभर.
इकडचं काढून तिकडे टाकता येत नाही.
त्याच्या आईला मात्र आज दोनदा सांगितलं,
तेल घाल त्याच्या भातात, तेल.

खरं सांगू?
त्या वीस सेकंदांचं मला नवल नाही.
जीव तोडणं येतं मला.
चूल, सर्वे, पोलिओचे डोस, मतदारयाद्या,
ऑनलाइन न चढणारे फोटो,
मानधन आलं का ते बघायला बँकेच्या खेपा.
नवल त्या चाळिसांचं.

गुडघ्यांवर हात, तोंड उघडं,
आणि माझ्या पोरीच्या वयाची पोरगी
मोबाइलकडे बघत दटावते,
"हलायचं नाही. हेही व्यायामातच धरतात."
पहिले काही दिवस चोरी केल्यासारखं वाटलं.
बुटाची नाडी सोडून बांधली,
ओढणी पिळली,
सडकेवरचा खडा उचलला, पाटात टाकावा म्हणून.
"ठेवा तो खडा, बाई."
ठेवला.

काल सहाव्या फेरीनंतर
मी चाळीसच्या चाळीस उभी राहिले.
तुरीत टिटवी ओरडून गेली.
दूर कुणाच्या तरी वावरात मोटर सुरू झाली,
धडधड, धडधड.
म्हटलं, लाइन आली वाटतं.
करिष्मा म्हणाली, नाही,
आज आपल्या फीडरला दुपारची पाळी.

म्हणजे ते माझंच होतं.
ऐकत राहिले.
अकरा सेकंद बाकी होते, मग नऊ.
तिनं शिट्टी तोंडाला लावली.