खटका

पहिला गिअर टाकला की खट्.
अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पुन्हा खट्,
जरा उशिरा,
जिन्यात मागे राहिलेल्या माणसाच्या चपलेसारखा.

मार्चमध्ये चेन नवी टाकली.
मागच्या हबचे रबर बदलले.
कॉटन मार्केटच्या एकाने क्लच उघडला,
नऊशे रुपये घेतले, क्लच परत लावून दिला.
खट् तसाच.

तांडापेठेत देवाजी पराते
कुलरच्या जुन्या टाकीवर बसतो.
नवतपाचा चौथा दिवस, संध्याकाळचे सहा,
पाना अजून फडक्याशिवाय धरवत नव्हता.
माझी केबी हंड्रेड त्याने सुरूही केली नाही.
गिअरमध्ये टाकली, मागचं चाक धरलं,
पुढे, मागे,
पुढे, मागे,
बोटभरच,
डोळे मिटून.
"चेनचं नाही हे. आतलं आहे."

कव्हरचे तीन स्क्रू, चौथा कधीचाच गेलेला.
काळा, मातकट, कित्येक वर्षांचा थर खरवडला
तर स्प्रॉकेटच्या पोटाशी
तांबूस भुकटी, विटेच्या चुऱ्याहून बारीक.
बोटावर घेऊन माझ्यासमोर धरली.
"लोखंड लोखंडाले खाऊन राहिलं.
इथं ग्रीस कवा लावलं होतं?"
इथे लावायचं असतं
हेच मला माहीत नव्हतं.

दोन बोल्ट, एक पातळ पट्टी,
स्प्रॉकेट हातात आलं.
मधल्या भोकाला आतून दाते,
शाफ्टला बाहेरून,
एकमेकांत घट्ट बसायला केलेले.
रॉकेलने पुसून त्याने ते उजेडाकडे धरलं.
बाप कोष्टी होता त्याचा. मागाची फणी
अशीच धरायचा म्हणे दारात,
कुठल्या घरातला धागा तुटणार
ते आधीच सांगायचा.

दात्यांची एक बाजू तिरकी, चकचकीत,
नखाला लागेल अशी पायरी पडलेली.
दुसरी कोरी.
कारखान्यातले ओरखडेसुद्धा शाबूत.

"काम काय करता भाऊ?"
मीटर रीडर होतो. जरीपटका, इंदोरा, पाचपावली.
दिवसाला दीडशे घरं.
थांब, आकडा लिही, कुत्रं चुकव,
पहिला गिअर, वीस फूट, थांब.
मनातल्या मनात गुणाकार करू लागलो,
दीडशे, गुणिले महिन्याचे दिवस, गुणिले...
सोडून दिला.
दर घराचा एक धक्का
त्या एकाच बाजूवर.
साऱ्या वस्तीचं रीडिंग माझ्या वहीत,
आणि माझं इथे, झाकणाखाली,
कोणी न वाचलेलं.

"वेल्डिंग मारून दे," मी म्हणालो.
"विकायचीच आहे. कामठीचा पोरगा येतो रविवारी."

देवाजीने ब्रश डब्यात ठेवला.
"मारतो ना. आवाज बंद, पोट्टा खुश.
मंग सील गळलं की शाफ्टच कापा.
थो शिव्या कोणाले देईन?
तुमाले नाही. वेल्डिंग करणाऱ्याले."

मग स्प्रॉकेट उलटं केलं.
कोरी बाजू आता ओढायच्या बाजूला.
"शाफ्टले असं उलटवता येत नाही,
त्याचं गेलं ते गेलं."
काडेपेटीच्या काडीने
एकेका खाचेत ग्रीस भरत गेला,
फार नाही, डोळ्यात काजळ घालतात तेवढं.
"पावसाळा संपला की उघडा, पुसा, लावा.
साठ रुपये."

गोळीबार चौकापर्यंत कान देऊन आलो.
आहे अजून. बारीक.
माहीत असलेल्यालाच ऐकू येईल एवढा.

रविवारी पोरगा आला, चष्मेवाला,
टाकी थोपटली, आरशात केस पाहिले.
"काका, काही प्रॉब्लेम तर नाही ना?"
गाडी गिअरमध्ये टाकली.
त्याला म्हटलं, बस खाली, चाक धर.
पुढे, मागे.
नीट ऐक.

त्याने ऐकलं, आणि
दोन हजार कमी केले.